तिसरी कोणाच्या तोंडचा घास घेते?

(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

टेबलावर दोन बरण्या ठेवल्यात. दोन्हींत आज सकाळच्या भरतीला भरून आणलेलं खाडीचं गढूळ पाणी आहे. डावीकडच्या बरणीत वीसेक जिवंत तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्या, सोडल्यात, उजवीकडे नुसतं पाणी. मी बोलतोय तोवर अधूनमधून नजर टाका. उजवीकडचंही थोडं निवळेल, गाळ आपोआप बसतोच. पण फरक किती पडतो ते बघा.

पुढच्या रांगेतल्यांना शिंपल्यातून डोकावणाऱ्या दोन नळ्या दिसत असतील. एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. मधे कल्ले. तिसरीचे कल्ले श्वास तर घेतातच, शिवाय चाळणीचं काम करतात. पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ बुळबुळीत द्रवात धरून तोंडाकडे ढकलतात. नको ती माती त्याच द्रवात गुंडाळून बाहेर. तळाशी जे बारीक दोरे साचतायत ती सगळी विष्ठा नव्हे. त्यातलं बरंच न गिळताच टाकून दिलेलं आहे.

म्हणजे वर तरंगणारं अन्न तळाला गेलं. एका तिसरीने काय फरक पडतो म्हणाल. चौरस मीटरला दहा हजार असल्या तर?

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात हे झालं. १९८६च्या सुरुवातीला नद्यांना मोठा पूर आला आणि वरच्या, निमखाऱ्या भागातले तळाचे जीव बरेचसे नाहीसे झाले. मागोमाग दुष्काळ पडला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिथे पूर्व आशियातली एक नखाएवढी शिंपली सापडली, पोटामोकॉर्ब्युला अम्युरेन्सिस. बहुधा जहाजांच्या बॅलास्टच्या, म्हणजे तोल राखायला भरलेल्या पाण्यातून आलेली. रिकाम्या घरात पाहुणी शिरली आणि मालकीण झाली! काही ठिकाणी खरोखरच चौरस मीटरला दहा हजारांवर गेली. उन्हाळ्यात शेवाळाला जो बहर यायचा, तो १९८७ पासून येईनासा झाला. गढूळ पाण्यात ऊन खोलवर शिरत नाही, शेवाळ सावकाश वाढतं, आणि शिंपल्या त्याहून भराभर खात होत्या. कोपेपॉडची, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कवचधारी जिवांची, पिल्लंही त्यांच्या चाळणीत सापडत. कोपेपॉड घटले, मग आपल्या कोलीमसारखी दिसणारी मायसिड कोळंबी घटली. अँकोव्ही मासे खालच्या, जास्त खाऱ्या पाण्याकडे सरकले. डेल्टा स्मेल्ट हा चिमुकला मासा आज जवळजवळ संपलाय. त्याला पाण्याच्या उपशासारखी इतरही कारणं आहेत, पण उपासमार त्यातलं एक.

म्हणून ‘शिंपल्या पाणी स्वच्छ करतात’ हे वाक्य ऐकलं की मी जरा सावध होतो. पाणी नितळ झालं, पण जेवण कोणाचं गेलं? उलटही घडतं. वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीत कॉर्बिक्युला नावाची परकी शिंपली पसरली, ऊन तळापर्यंत पोचलं आणि १९८०च्या दशकात पाणवनस्पती परतल्या.

मला सगळ्यात आवडतो तो त्याच सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिण भागाचा किस्सा. १९९९ नंतर पॅसिफिक थंडावला, चपटे मासे, खेकडे, कोळंबी समुद्रातून भरपूर आत आली. त्यांनी शिंपल्या फस्त केल्या आणि शेवाळ वाढलं. शिंपलीला खाणारा कोणी आहे का, यावर सगळं अडतं.

आपल्याकडे खाणारे आहेत. खेकडे आहेत, पक्षी आहेत, ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या-खुबे वेचणाऱ्या कोळणी आहेत. अन्नसाखळीच्या आकृतीत त्यांना कोणी काढत नाही, ती चूकच आहे. आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो! आपल्या ज्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, तिथला ‘लहान रोहित’ या जातीचा पक्षी चोचीच्या चाळणीने सूक्ष्म शेवाळच टिपतो. तिसरी आणि रोहित एकाच धंद्यातले. मुंबईच्या गोद्यांत मायटिलॉप्सिस ही कॅरिबियनकडची शिंपली अनेक दशकांपूर्वीच येऊन बसलीय, म्हणून तळाकडेही लक्ष असावं.

आता बरण्या बघा. डावीकडून मागची घड्याळाची तबकडी दिसतेय.

या तिसऱ्या रात्री कालवणात जाणार का, असं एका काकांनी विचारलंय. नाही. मिठाच्या पाण्यात ठेवल्या की वाळू टाकतात, अंगात मुरलेले धातू तसे टाकत नाहीत. मग खाडीत सोडणार का? तेही नाही. बाजारातून आणल्यात, आणि कुठल्या खाडीच्या ते मावशींनी सांगितलं नाही.