मधेच वाकणारा हात

(दृश्य: डॉक्टर काकांचा उजवा हात तपासताना)

हा हात नीट पाहा. वर कोपर, खाली मनगट. डॉक्टर तो जिथून वाकवतायत, तिथे सांधा नसतोच.

यवतमाळ जिल्ह्यातले हे काका. कापसाची बंडी उलटली आणि कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. आधी गावातच कामट्या बांधल्या, नंतर प्लास्टर. "मले वाटलं टाइम लागते, पण जुळून जाईन." वर्ष उलटलं.

लहान पोराचं हे हाड बहुतेक वेळा प्लास्टरमध्ये जुळतं. मोठ्या माणसाचं सरकलेलं हाड मात्र स्नायू ओढत राहतात आणि बाहेरचं प्लास्टर ते आत धरून ठेवू शकत नाही. म्हणून त्याला बहुधा सुरुवातीलाच प्लेट लागते. हे गावागावांत पोचायलाच हवं.

(दृश्य: खिडकीच्या उजेडात धरलेला एक्स-रे)

या फोटोत हाडाची टोकं गुळगुळीत, पांढरी झालीत. मधे काळी फट. नऊ महिने झाले आणि शेवटच्या तीन महिन्यांत फोटोत काहीच फरक नाही, तर ते हाड आपोआप जुळायची वाट पाहण्यात अर्थ नाही.

डॉक्टर खर्ऱ्याचं विचारतात. तंबाखूतल्या निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि रक्ताशिवाय हाड जुळत नाही. "सोडला जी," काका म्हणतात.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर)

फटीत साचलेला हा पांढरा, चिवट भाग आधी पूर्ण काढतात. त्यातले तुकडे लॅबला जातात, कारण आत जंतू लपलेले असू शकतात. ते निघाले तर आधी त्यांचा बंदोबस्त, प्लेट आणि हाडाची भर नंतर.

आता टोकं तासतात. मेलेलं हाड कोरडं, हस्तिदंती दिसतं. ऑपरेशनपुरतं रक्त थांबवायला दंडाला आवळलेला पट्टा सैल केला आणि हाडावर रक्ताचे बारीक ठिपके उमटले, की तासणं थांबतं. ते पाहा, आले. टोकाशी बुजलेली मज्जेची नळीही ड्रिलने उघडतात.

कमरेच्या हाडातून काढलेला हा मऊ, लालसर चुरा फटीत भरतात. नवं हाड तयार करणाऱ्या पेशी त्यात असतात, आणि तो काकांचाच असल्यामुळे शरीर तो नाकारत नाही.

प्लेटची भोकं लांबट आहेत. स्क्रू भोकाच्या कडेला बसवून आवळला, की त्याचं डोकं उतारावरून सरकतं आणि हाडाची टोकं एकमेकांवर घट्ट दाबली जातात. फटीच्या दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन स्क्रू. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला मुळातच थोडा बाक असतो. तो जपावाच लागतो, नाहीतर तळहात पुरता उलटासुलटा होत नाही.

दरम्यान काकांचे दोन हंगाम गेले, शेत ठेक्याने दिलं.

(दृश्य: टाके काढल्यानंतरचा व्यायाम)

बोटं आणि कोपर लवकरच हलवायला लावतात. ओझं मात्र फोटोत हाड जुळलेलं दिसेपर्यंत नाही. त्याला काही महिने लागतात.

प्लास्टर निघूनही हात मधेच दुखत किंवा वाकत असेल, तर हाडांच्या डॉक्टरकडे जा. पहिल्या दिवसापासूनचे सगळे फोटो सोबत न्या. आधी प्लेट टाकली असेल तर त्या ऑपरेशनचे कागदही न्या: जुने स्क्रू काढायला त्याच मापाचा पेचकस लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच विचारा.