खुबा पुन्हा भरेपर्यंत

(दृश्य: अंगणातून चालत येणारा मुलगा, फक्त पाय दिसतात.)

सहा वर्षांचं पोर. लंगडतं, पण रडत नाही. कुठे दुखतं विचारलं की गुडघ्यावर हात ठेवतं. गुडघ्याचा एक्स-रे निघतो आणि चांगला येतो. दुखणं असतं वर, खुब्यात. खुब्याची कळ गुडघ्यात उतरते, एवढं माहीत असतं तर किती मुलांचे महिने वाचले असते!

या आजाराला पर्थीस म्हणतात. 1910 साली अमेरिकेत लेग, फ्रान्समध्ये काल्व्हे आणि जर्मनीत पर्थीस यांनी तो आपापला ओळखला. त्याआधी असा खुबा दिसला की क्षयच समजत. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा आटतो आणि तिथलं हाड मरतं. मुलींपेक्षा मुलग्यांत हे चार-पाच पट जास्त.

पण लहान शरीर हार मानत नाही. मेलेलं हाड काढून टाकून नवं भरतं. त्याला काही वर्षं लागतात, आणि तोवर ते डोकं ओल्या मातीसारखं असतं. भार पडला की चपटं होतं. म्हणून ऑपरेशन असो वा नसो, धडपड एकच: डोकं उखळीतून, म्हणजे कमरेच्या हाडातल्या ज्या खळग्यात ते बसतं त्यातून, बाहेर सरकू द्यायचं नाही. उखळीच्या साच्यात राहिलं तर गोल घडतं.

(दृश्य: दोन्ही पायांना प्लास्टर, मध्ये आडवा दांडा.)

या प्लास्टरमध्ये पाय फाकलेलेच राहतात. दारातून नेताना पोराला तिरकं धरावं लागतं. ऑपरेशनमध्ये मांडीचं हाड कापून, कोन बदलून, प्लेट बसवतात. किंवा उखळीच डोक्यावर वळवतात.

सहाच्या आतल्या बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. 2004 साली अमेरिकेतले हाडांचे डॉक्टर हेरिंग यांच्या अभ्यासात, आठ वर्षांनंतर आजार सुरू झालेल्या आणि डोक्याची बाहेरची बाजू थोडीफार टिकून असलेल्या मुलांना ऑपरेशनचा फायदा दिसला. ती बाजू पुरती ढासळली असेल, तर उपचाराने फारसा फरक पडला नाही. मणिपालचे डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी वेळेवर बोट ठेवलं: मेलेल्या हाडाचे तुकडे फार होण्याआधी ऑपरेशन झालं, तर डोकं गोल राहण्याची आशा जास्त.

(दृश्य: तपासणीची खोली.)

"डॉक्टर, ऑपरेशन करावंच लागेल का हो?"

"ताई, आधी सांगा, लंगडायला कधीपासून लागला?"

आई बोटांवर मोजते. गणपतीत नीट नाचत होता. दिवाळीत किल्ला करताना... हो, तेव्हा एक पाय जपत होता.