रस्ता कडेनं मरतो

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘शहरातील रस्त्यांच्या देखभालीचे वार्षिक वेळापत्रक’. ते सांगणार आहे, पळून जात नाही. पण त्याआधी थोडा वेळ रस्त्याच्या कडेबद्दल बोलू द्या. कड कळली नाही, तर ते वेळापत्रक नुसतं भिंतीवर टांगायच्या कामाचं.

कड म्हणजे पदपथाच्या दगडाला लागून असलेली हात-दीड हाताची पट्टी. रस्त्यावरची बहुतेक धूळ, माती, पानं याच पट्टीत सापडतात. ती कुणी तिथे आणून टाकत नाही. गाड्यांच्या चाकांचा वारा मधला भाग दिवसभर झाडतच असतो; उडालेली माती दगडाला अडते आणि तिथेच बसते. पाणीही तिकडेच येतं, कारण आपणच ते तिकडे धाडतो. डांबरी रस्त्याला मधून कडेकडे दोन ते अडीच टक्के उतार ठेवतात. सात मीटर रुंदीचा रस्ता धरा. मधल्या रेषेपासून कड साडेतीन मीटर, म्हणजे सगळी उतरण जेमतेम नऊ सेंटिमीटर. एवढ्याशा उतरणीच्या पायथ्याला दोन बोटं गाळ बसला, की पाणी तिथेच मुक्काम ठोकतं.

आता डांबराचं काम काय? खडी धरून ठेवायची. पण खडीचा ओढा डांबरापेक्षा पाण्याकडे जास्त. (हसताय, पण बऱ्याच दगडांच्या बाबतीत हे अक्षरशः खरं आहे.) बारीक फटीतून पाणी आत गेलं, की वरून जाणारं प्रत्येक चाक ते दाबतं आणि पुढे सरकलं की ओढून घेतं. हा पंप दिवसभर चालतो. डांबर खडीपासून सुटतं, खालचा थर भिजून मऊ होतो, पृष्ठभागाला जाळीदार भेगा पडतात, मग एक तुकडा उखडतो. त्याला आपण म्हणतो, पावसानं खड्डा पाडला. पाऊस बिचारा वाहून जायला तयार होता, आपण त्याला जाऊ दिलं नाही. स्कॉटलंडचा रस्ते बांधणारा जॉन मॅकॅडम हेच सांगत होता, तेही डांबरी रस्ते येण्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. खालची माती कोरडी राहिली तर ती कितीही ओझं वाहील; रस्ता म्हणजे त्या मातीवरचं छप्पर. खडीच्या थराला ‘मॅकॅडम’ म्हणून त्याचं नाव आपण दिलं आणि छप्पर विसरलो.

आता माझं जुनं दुखणं. ज्यांनी हे आधी ऐकलंय त्यांनी चहा घेऊन यावा.

रस्त्याकडेच्या जाळीखाली एक खोलगट चेंबर असतं. पाणी बाहेर नेणारा पाइप त्याच्या तळाला नसतो, मुद्दाम वर ठेवलेला असतो. कारण खालच्या हौदात गाळ बसावा आणि वरचं पाणी तेवढं पुढे जावं. हौद निम्मा भरला की त्याची गाळ पकडायची ताकद संपत येते; त्यानंतर आलेला गाळ पुढच्या पाइपात जातो, जिथे कुणाचं फावडं पोहोचत नाही. म्हणून हौद निम्मा व्हायच्या आत उपसायचा. इथवर सगळ्यांना मान्य. मग उपसणारे येतात, झाकण उघडतात, काळा गाळ घमेल्यानं वर काढतात आणि ठेवतात कुठे? चेंबरच्या तोंडाशी! का, तर ओला गाळ गाडीत भरला तर रस्ताभर ठिबकतो, म्हणून आधी वाळू दे. कारण खोटं नाही. पण वाळेपर्यंत एक सर येते, नाहीतर शेजारून टँकर जातो, आणि सगळा गाळ आल्या वाटेनं परत. मजुरी एकदाची, गाळ दोनदाचा. सरीतून जो वाचतो त्याची धूळ होते, ती गाड्यांनी उडते आणि पुन्हा कडेला येऊन बसते.

उपाय अगदी साधा आहे, म्हणूनच होत नाही. गाळ थेट बंद तळाच्या गाडीत भरायचा. वाळवायचा असेल तर गाडीनं नेऊन एका ठरलेल्या जागी, रस्त्यावर नाही. तेही जमत नसेल तर निदान ढीग जाळीच्या उताराकडच्या बाजूला लावा, म्हणजे वाहून आलेलं पाणी ढिगाला लागायच्या आधी जाळीत उतरेल. ढीग चढाच्या बाजूला असला, की पाणी त्याला घेऊनच आत जाणार. एवढी भूमिती ज्या मुकादमाला कळते, त्याला मी अभियंता म्हणतो, कागद असो वा नसो.

झाडणाऱ्यांचंही तेच. झाडायची सुरुवात जाळीपासून, तिच्यापासून लांब जात. बहुतेक ठिकाणी उलट होतं. उताराबरोबर झाडत यायचं आणि शेवटचे चार फटकारे जाळीत. पाणी मारून झालं की रस्ता आरशासारखा दिसतो. चेंबरला विचारा कसं वाटतंय. खराटा पानं ओढतो, पण बारीक धूळ त्याच्या काड्यांमधून मागेच राहते. तिला मऊ, दाट झाडू लागतो. दांडा झाडणाऱ्याच्या छातीला-खांद्याला लागेल इतका लांब हवा, नाहीतर माणूस दिवसभर वाकूनच. वारा पाठीशी घ्यायचा. ढीग लावला की ढकलगाडी मागोमाग हवी; ढीग आणि गाडी यांच्यात तास गेला, तर वारा, कुत्री आणि रिक्षा मिळून ते झाडणं रद्द करतात.

यंत्रानं झाडायचं म्हणाल, तर जोसेफ व्हिटवर्थचं झाडण्याचं यंत्र 1840च्या दशकात मँचेस्टरमध्ये फिरत होतं. तेव्हापासूनची अडचण बदललेली नाही. यंत्राचा ब्रश कडेसाठी आणि कडेला गाडी उभी. म्हणून न्यूयॉर्कनं 1950 मध्ये आळीपाळीनं एकेक बाजू मोकळी ठेवायचा नियम आणला. बाजू मोकळी असली तरी यंत्र सावकाशच चालवावं लागतं. चालक घाईत असेल तर ब्रश फक्त धूळ जागी करतो, आणि पाण्याचा फवारा बंद असेल तर ती तुमच्या खिडकीत येते. त्याच न्यूयॉर्कमध्ये 1895 साली सफाई खात्याचा प्रमुख जॉर्ज वेअरिंगनं कामगारांना पांढरेशुभ्र गणवेश दिले. लोक हसले. पण पांढऱ्या कपड्यातला माणूस कामावर आहे की नाही, हे लांबून दिसतं! पॅरिसमध्ये कडेची पन्हळ पिण्याचं नसलेल्या पाण्यानं धुतात, त्यासाठी वेगळी पाइपलाइन आहे, आणि पाणी कुठल्या बाजूला वळवायचं ते पन्हळीत जुन्या कापडाची गुंडाळी ठेवून ठरवतात. इतक्या मोठ्या व्यवस्थेचा व्हॉल्व्ह म्हणजे एक चिंधी. मला हे फार आवडतं...

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं, वेळापत्रक.

रोज: कड झाडणं आणि ढीग उचलणं, बाकी सगळं नंतर. आठवड्याला जाळ्यांवरचा पालापाचोळा, पानगळीत रोज. हौद किती दिवसांनी उपसायचे याचा एकच आकडा नसतो. प्रत्येक चेंबरात काठी घालून गाळाची उंची लिहा, दोन-तीन नोंदींत कुठलं लवकर भरतं ते कळतं. सगळी चेंबरं एकाच तारखेला उपसणं म्हणजे निम्म्या ठिकाणी फुकट फेरी आणि निम्म्या ठिकाणी उशीर.

पावसाआधी, कोरड्या हवेत, भेगा भरायच्या. झाडून, हवेनं फुंकून, मगच गरम भराव. ओल्या भेगेत ओतलेलं डांबर धरत नाही.

खड्डा: आजूबाजूचं घट्ट लागेपर्यंत चौकोनी कापा, बाजू उभ्या ठेवा, सुटं काढा, कोरडं करा, तळाला आणि बाजूंना डांबरी इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या डांबराचा, पातळ हात. थबथबलेला नको, त्यावर वरचा थर घसरतो. मिश्रण पाच-सात सेंटिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर दाबून, कडेकडून मध्याकडे. मिश्रण 90 अंशांच्या आसपास उतरायच्या आत दाबणं संपलं पाहिजे. गार मिश्रणावर रोलर कितीही फिरवा, पोकळी राहते आणि पोकळीत पुन्हा तेच पाणी. वरून फावड्यानं टाकून टायरनं दाबलेला खड्डा पुढच्या पावसाच्या पाहुणचाराची तयारी आहे.

चर: पाइप टाकून झाल्यावर भरणी पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर दाबत. एकदम ढीग लोटून वरून रोलर फिरवला तर वरचाच भाग दबतो आणि चर वर्षभर खचत राहतो. डांबर चरापेक्षा दोन्ही बाजूंना वीत-दीड वीत जास्त रुंद कापून घाला, कारण खोदताना बाजूही ढिल्या झालेल्या असतात.

नवं डांबरीकरण, आणि पुन्हा कड, माफ करा. जुना थर न खरवडता वर पाच सेंटिमीटर चढवले, असं तीनदा केलं, की पंधरा सेंटिमीटरचा पदपथाचा दगड गाडला गेला. पन्हळ गेली, दाराशी पाणी आलं, चेंबरची झाकणं खड्ड्यात गेली. आधी खरवडा, मग तितकंच घाला, आणि झाकणाची चौकट त्याच आठवड्यात उचला. खाली राहिलेलं झाकण हा पहिल्या दिवसापासूनचा खड्डा.

जड वाहनांचं राहिलं. 1958 ते 1960 दरम्यान अमेरिकेत इलिनॉयमध्ये रस्त्यांवर मुद्दाम ट्रक फिरवून चाचणी झाली. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की आसावरचं वजन दुप्पट झालं तर नुकसान सुमारे सोळापट. कचऱ्याची भरलेली गाडी रस्त्याच्या कुठल्या भागातून, दिवसातून कितीदा जाते हे एकदा नकाशावर... हो, हो, उठतो. चराबद्दल ज्यांना विचारायचंय त्यांनी बाहेर थांबा.