राखेपासून आखलेला कारखाना

[दृश्य: लालबागमधील गॅस कंपनी लेन. सकाळची वर्दळ.]

ज्या कंपनीमुळे लालबागच्या या गल्लीला हे नाव मिळाले, ती बॉम्बे गॅस कंपनी दगडी कोळशापासून गॅस तयार करीत असे. १८६५ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे प्रथम लागले. हा गॅस मिळवण्यासाठी अग्निरोधक मातीच्या बंदिस्त भांड्यात, म्हणजे रिटॉर्टमध्ये, हवेचा संपर्क टाळून कोळसा सुमारे १००० अंश सेल्सियसपर्यंत तापवला जाई. कोळशातील बाष्पनशील भाग वायुरूपाने बाहेर पडे, त्यातील डांबर आणि अमोनिया थंड करून व पाण्याने धुऊन वेगळे केले जात, लोहाच्या ऑक्साइडवरून नेऊन हायड्रोजन सल्फाइड काढला जाई आणि उरलेला गॅस पाण्यावर तरंगणाऱ्या अवाढव्य टाकीत साठवला जाई. या पद्धतीत कोळशातील बहुतेक कार्बन मात्र कोक होऊन रिटॉर्टमध्येच राहत असे.

आज ज्याला कोळशाचे वायूकरण म्हणतात, त्यात या शिल्लक कार्बनचेही वायूत रूपांतर करायचे असते. त्यासाठी कोळशाला वाफ आणि थोडा ऑक्सिजन दिला जातो. ‘थोडा’ म्हणजे पूर्ण ज्वलनाला जेवढा लागेल त्याच्या साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाइतका. कोळशाचा काही भाग जळतो, त्या उष्णतेवर उरलेल्या कार्बनची वाफेशी अभिक्रिया होते आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण मिळते. कारखान्यात याला सिनगॅस म्हणतात.

[दृश्य: पवईतील एक अभियांत्रिकी कार्यालय. संगणकाच्या पडद्यावर प्रक्रियेचा आराखडा.]

अशा कारखान्याची आखणी करणाऱ्या अभियंत्यांपुढे पहिला हिशेब असतो तो उष्णतेचा. समजा, कोळशापासून शेवटी मिथेन हवा आहे, म्हणजे आज मुंबईच्या स्वयंपाकघरांत नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूचा मुख्य घटक. मोल हे रेणू-अणू मोजण्याचे एकक. कार्बनचे दोन मोल आणि वाफेचे दोन मोल यांच्यापासून मिथेनचा एक आणि कार्बन डायऑक्साइडचा एक मोल तयार होतो. कार्बन आणि वाफेच्या अभिक्रियेला एका मोलमागे १३१ किलोज्यूल, म्हणजे दोन मोलांना २६२ किलोज्यूल उष्णता लागते. पुढे सिनगॅसमधील हायड्रोजनचे प्रमाण वाढवताना ४१ आणि मिथेन बनताना २०६ किलोज्यूल परत मिळतात. एकूण तूट अवघी १५ किलोज्यूल.

कागदावर हा व्यवहार जवळजवळ फुकटात पदरात पडतो. अडचण अशी की, उष्णता लागते ती ९०० अंशांच्या वर आणि परत मिळते ती त्याहून बऱ्याच खालच्या तापमानाला. खालच्या तापमानाची उष्णता वरच्या भट्टीला आपोआप देता येत नाही. म्हणून वरची गरज कोळसा जाळून भागवावी लागते आणि मिथेन बनवताना सुटलेल्या उष्णतेवर उच्च दाबाची वाफ तयार करून ती टर्बाइनकडे वळवावी लागते. ती टर्बाइन बहुधा ऑक्सिजन संयंत्राचे कॉम्प्रेसर चालवते. कारखान्यातील निम्म्याहून अधिक पाइप कशासाठी आहेत, असा प्रश्न नवख्याला पडतो, त्याचे बरेचसे उत्तर या हिशेबात आहे.

[दृश्य: कोळशाचा ढीग. हातात घेतलेला तुकडा, त्यात राखाडी दगडी पट्टे.]

दुसरा हिशेब राखेचा, आणि भारतीय कोळशाच्या बाबतीत बाकीचे सगळे हिशेब याच्यापुढे दुय्यम ठरतात. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते. ४० टक्के धरले, तर दिवसाला १००० टन कोळसा घेणाऱ्या कारखान्यातून दिवसाला ४०० टन राख बाहेर काढावी लागते. त्यातही राख देणारी खनिजे कोळशाच्या आत इतकी बारीक विखुरलेली असतात की धुऊन ती फारशी निघत नाहीत.

गॅसिफायरची, म्हणजे वायूकरणाच्या भट्टीची, निवड यावरच ठरते. लुर्गी पद्धतीच्या स्थिर थराच्या गॅसिफायरमध्ये ५ ते ५० मिलिमीटरचे तुकडे वरून पडतात, वाफ आणि ऑक्सिजन खालून वर जातात आणि तळाशी फिरणारी जाळी कोरडी राख खाली सोडते. राख वितळून तिचे ढेकूळ होऊ नये म्हणून येथे गरजेपेक्षा कितीतरी अधिक वाफ सोडून तापमान आवरावे लागते. ही जादा वाफ पुढे फिनॉल आणि डांबरमिश्रित पाणी होऊन बाहेर येते, आणि ते शुद्ध करणे हा एक स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. तरीही ओडिशातील अंगुल येथे जिंदाल समूहाने पोलादनिर्मितीसाठी हीच पद्धत स्थानिक कोळशावर वापरली, यात तिची व्यावहारिकता दिसते.

दुसऱ्या प्रकारात कोळशाची पूड, ०.१ मिलिमीटरहून बारीक, ऑक्सिजनच्या झोतात काही सेकंदांत १४०० अंशांच्या वर वायुरूप होते. डांबर उरत नाही, गॅस स्वच्छ मिळतो. पण येथे राख वितळलीच पाहिजे. भारतीय कोळशाची राख सिलिका आणि अॅल्युमिनाने भरलेली असल्याने ती बहुधा १५०० अंशांच्या आसपासही दाद देत नाही, म्हणून चुनखडी मिसळावी लागते, आणि ४०० टन दगड वितळवण्यासाठी लागणारी उष्णता कोळशाच्याच खर्चाने येते. अशा अनेक गॅसिफायरची भिंत पाण्याच्या नळ्यांची असते. त्या थंड नळ्यांवर वितळलेल्या राखेचा पहिला थर गोठतो आणि पुढचा लाव्हारस त्यावरून ओघळतो. भिंतीचे रक्षण राखच करते. ही कल्पना मला या सगळ्या यंत्ररचनेत सर्वांत देखणी वाटते.

या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे तरंगत्या थराचा गॅसिफायर. जर्मनीच्या फ्रिट्झ विंकलर यांनी १९२० च्या दशकात तो मांडला. खालून येणाऱ्या वायूने बारीक कोळशाचा थर पेजेसारखा खदखदत राहतो. तापमान ९०० ते १००० अंश, राख कोरडी, डांबर कमी. फक्त न जळलेला कार्बन राखेबरोबर निघून जातो. भेल या सरकारी कंपनीने जास्त राखेच्या कोळशासाठी याच दिशेने प्रयोग केले.

[दृश्य: लॉक हॉपरचे रेखाचित्र. दोन झडपा आळीपाळीने उघडतात.]

आता एका लहानशा भागाकडे जवळून पाहू. गॅसिफायरच्या आत २५ ते ३० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण तितक्याच पट, दाब असतो आणि कोळसा बाहेर, साध्या हवेत. कोरडा कोळसा पंपाने ढकलता येत नाही. म्हणून मध्ये लॉक हॉपर नावाची टाकी असते. वरची झडप उघडते, कोळसा भरतो, झडप मिटते. टाकीत दाब चढवला जातो, खालची झडप उघडते, कोळसा आत पडतो. झडप पुन्हा मिटते आणि दाब उतरवला जातो. हे चक्र दिवसरात्र चालू असते. झडपेच्या बैठकीवर कोळशाचा एखादा कण अडकला, तर तेथून वायू सुटू लागतो, तो पृष्ठभाग खरवडत जातो आणि गळती वाढते. सुटणाऱ्या वायूतील कार्बन मोनॉक्साइड विषारी असून त्याला रंग नाही, वास नाही. त्यामुळे दाब उतरवताना निघालेला वायू बंद वाटेने परत घ्यावा लागतो आणि झडपेजवळ वायुशोधक बसवावा लागतो. आराखड्याची धोकातपासणी, म्हणजे हॅझॉपची बैठक, या दोन झडपांवर बराच वेळ रेंगाळते, आणि ते योग्यच आहे.

शुद्धीकरणाचा भाग कारखान्याच्या नकाशात गॅसिफायरपेक्षा मोठा दिसतो. मिथेन बनवणाऱ्या निकेलच्या उत्प्रेरकाला गंधक अत्यल्प प्रमाणातही चालत नाही. रेक्टिसॉल प्रक्रियेत शून्याखाली ४० अंश किंवा त्याहूनही थंड मिथेनॉलमध्ये हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतले जातात.

[दृश्य: तालचेर, ओडिशा. खाणीचा परिसर.]

तालचेर आणि रामगुंडम येथे १९८० मध्ये कोळशावर आधारित खत कारखाने सुरू झाले. कोळशाच्या पुडीचे वायूकरण करणारी कॉपर्स-टोटझेक पद्धत तेथे होती. विजेचा तुटवडा आणि निरनिराळ्या तंत्रज्ञानांचा न बसलेला मेळ यांमुळे दोन्ही कारखाने १९९९ मध्ये बंद पडले. तालचेरचे पुनरुज्जीवन करण्यासाठी स्थापन झालेल्या कंपनीत गेल, कोल इंडिया आणि एफसीआयएल (फर्टिलायझर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया) यांच्यासह मुंबईची आरसीएफ (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स) भागीदार आहे. तेथील आराखड्यात कोळशात पेटकोक, म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात उरणारा घन कार्बन, मिसळण्याची योजना आहे. पेटकोकमध्ये राख नगण्य असते, त्यामुळे मिश्रणातील राखेचे प्रमाण खाली येते. परंतु आपल्या कोळशात गंधक सुमारे अर्धा टक्का, तर पेटकोकमध्ये त्याच्या कित्येक पट असते. म्हणजे राखेच्या विभागातून कमी झालेला भार गंधकाच्या विभागावर चढतो, आणि शुद्धीकरणाचे स्तंभ त्या मानाने मोठे आखावे लागतात.

केंद्र सरकारने २०३० पर्यंत १०० दशलक्ष टन कोळशाच्या वायूकरणाचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी ८५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेला मंजुरी दिली आहे. या कारखान्यांच्या आराखड्यांत कार्बन डायऑक्साइडची वाट आधीच ठरवावी लागेल, कारण वर पाहिलेल्या समीकरणानुसार मिथेन बनवताना निदान निम्मा कार्बन त्या रूपाने बाहेर पडतोच, आणि उष्णतेसाठी जाळलेला कोळसा त्यात भर घालतो. अमेरिकेतील नॉर्थ डकोटामध्ये १९८४ पासून चाललेल्या लिग्नाइटच्या कारखान्याने २००० पासून हा वायू पाइपलाइनने कॅनडातील वेबर्न तेलक्षेत्राकडे पाठवायला सुरुवात केली. रेक्टिसॉलमधून तो कोरडा मिळतो आणि त्यामुळे साध्या पोलादाची पाइपलाइन पुरते. ओलसर असता, तर कार्बनिक आम्लाने ती आतून खाल्ली असती.