सेरियम: वरातीच्या बत्तीपासून गाडीच्या सायलेन्सरपर्यंत

नमस्कार मंडळी. रेअर अर्थ (म्हणजे 'दुर्मिळ' म्हणवल्या जाणाऱ्या, एकमेकांसारख्या धातूंचा गट, सेरियम त्यातलाच) म्हटलं की हल्ली सगळे निओडिमियमवर बोलतात, ईव्हीच्या मोटारी, मॅग्नेट, चीन वगैरे, पण मला आज सेरियमबद्दल सांगायचंय, कारण हा धातू कधीचा आपल्या घरात आलाय आणि नाव मात्र कुणी घेत नाही. आणि दुर्मिळ वगैरे नाही बरं का, जमिनीत तो साधारण तांब्याइतका आहे.

ज्यांनी वरातीत डोक्यावरच्या पेट्रोमॅक्सच्या बत्त्या बघितल्यात त्यांनी सेरियमची कमाल बघितलीय. बत्तीत ते जाळीचं मँटल असायचं ना, एकदा पेटवलं की पांढरं आणि इतकं ठिसूळ व्हायचं की बोट लागलं तरी फुटायचं, त्यात 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि फक्त 1 टक्का सेरियमचं. तो एक टक्का काढा, उजेड एकदम मरगळतो! हे प्रमाण बसवलं ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखनं. मँटलसाठी मोनाझाइट, म्हणजे थोरियम आणि सेरियम दोन्ही असलेलं खनिज लागायचं, आणि आपल्याकडचं मोनाझाइट 1909 साली एका जर्मन माणसाला त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत सापडलं. थोरियम काढून उरलेल्या सेरियमचं काय करायचं, तर आउअरनंच त्याआधी त्यात लोखंड मिसळून 1903 मध्ये पेटंट घेतलं होतं, तोच लायटरचा दगड, घासला की ठिणगी.

आता खरी गंमत. सेरियमचा अणू कधी तीन इलेक्ट्रॉन देतो कधी चार, त्यामुळे त्याचं ऑक्साइड आजूबाजूला ऑक्सिजन जास्त झाला की ठेवून घेतं आणि कमी पडला की परत देतं. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरच्या लायनीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तिथे धुरातला ऑक्सिजन सारखा वरखाली होतो, कार्बन मोनॉक्साइड जाळायला तो हवा असतो आणि नायट्रोजन ऑक्साइड मोडायला जास्त झालेला चालत नाही, हा तोल सेरियम सांभाळतो. मला तर हा त्याचा सगळ्यात मोठा उपयोग वाटतो, कारण तो धूर शेवटी आपल्याच फुफ्फुसात जाणार असतो.

काचेला पॉलिश करायलाही हेच ऑक्साइड, चष्म्याचे लेन्स, दुर्बिणीचे आरसे, कारण ते नुसतं घासत नाही, काचेशी केमिकल रिअ‍ॅक्शन करून पातळ थर काढतं.

आणि मोनाझाइटमधल्या रेअर अर्थपैकी जवळपास निम्मं सेरियमच असतं, म्हणजे मॅग्नेटसाठी निओडिमियम काढायला गेलं की सेरियम ढिगानं निघतं, भाव पडतो, म्हणून त्याला नवीन कामं शोधणं हे आपल्याकडच्या तरुण केमिस्ट लोकांनी मनावर घ्यावं असं मला फार वाटतं.