ट्रॉलर पाहायचा तर आधी डेकवर

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, हंबर नदीच्या मुखाशी ग्रिम्सबी नावाचं जुनं मच्छीमार बंदर आहे. तिथलं मासेमारी वारसा संग्रहालय १९९१ मध्ये उघडलं. त्याच्या शेजारी, अलेक्झांड्रा डॉकमध्ये १९५७ साली बांधलेला 'रॉस टायगर' हा ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत मासे धरणारी बोट, तरंगतो आहे. त्यावर माहितगारासोबत जावं लागतं, म्हणून फेरी चालू आहे ना, हे आधी विचारून घ्या. शिड्या उभ्या आहेत, तेव्हा चांगली पकड असलेले बूट घाला.

डेकवर पोचलात की बाजूच्या काठाला लोखंडी कमानी शोधा. एक नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे असते, दुसरी मागे. जाळ्याचं तोंड पसरवणाऱ्या लाकडी, लोखंडाने मढवलेल्या फळ्या या कमानींना टांगायच्या. बोट पुढे निघाली की पाण्याच्या दाबाने फळ्या एकमेकींपासून लांब जातात आणि जाळं उघडं राहतं. पाण्याची खोली असेल त्याच्या साधारण तिप्पट लांब, जाळं ओढायची तार सोडायची. कमी सोडली तर जाळं तळ सोडून वर उचललं जातं.

आपल्या ससून डॉकचे ट्रॉलर जाळं मागून ओढतात, इथे ते बाजूने यायचं, आणि तेही वारा जिकडून येतो त्या बाजूने. बोट थांबली की वारा तिला ढकलतो. जाळं आडोशाच्या बाजूला असेल तर बोट त्याच्यावरच वाहत जाते आणि जाळं बोट ढकलणाऱ्या पंख्यात गुंततं. म्हणून आडव्या लाटा अंगावर घेतच जाळं ओढावं लागे. खोल्याची, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीची, गाठ सोडली की मासळी डेकवरच्या कप्प्यांत ओतायची, पोट फाडून धुवायची, यकृतं तेलासाठी वेगळी काढायची. मग खाली खणात बर्फाचा थर, मासळीचा थर, पुन्हा बर्फ. मध्ये फळ्यांचे मजले घालायचे, नाहीतर खालचा मासा वरच्या वजनाने चेपतो आणि लवकर खराब होतो.

उत्तरेच्या समुद्रात थंडीत पाण्याचे फवारे दोरांवर, डोलकाठीवर, कठड्यांवर गोठतात. सगळं वजन वर चढतं. कललेली बोट सरळ व्हायला वेळ लावते आणि शेवटी सरळ होतच नाही. खलाशी कुऱ्हाडी घेऊन तो बर्फ फोडत राहायचे.

१९६८च्या जानेवारी-फेब्रुवारीत शेजारच्या हल बंदराचे तीन ट्रॉलर बुडाले आणि ५८ माणसं गेली. त्यांतल्या एका ट्रॉलरवर रेडिओ ऑपरेटरच नव्हता. तेव्हा लिलियन बिलोका आणि हलच्या कोळी वस्तीतल्या बायका गोदीवर जाऊन उभ्या राहिल्या. प्रत्येक बोटीवर रेडिओ ऑपरेटर हवा, ही त्यांची मागणी होती, आणि ती त्यांनी मान्य करून घेतली. 'रॉस टायगर'च्या व्हीलहाऊसमध्ये, म्हणजे सुकाणूच्या खोलीत, चढाल तेव्हा घाईने सुकाणूकडे वळू नका. आधी रेडिओची जागा कुठे आहे, ती पाहा.