स्वस्त हेड स्टड घ्यावेत का?

[दृश्य: उघडं इंजिन. ब्लॉकच्या माथ्यावरून कॅमेरा सरकतो, स्टडांची रांग दिसते.]

८६ मिलिमीटर बोअरचा, म्हणजे तेवढ्या आतल्या व्यासाचा, एक सिलिंडर घेऊ. त्याच्यावरचं झाकण म्हणजे हेड, आणि ते खालच्या ब्लॉकला आवळून धरणाऱ्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या दांड्या म्हणजे हेड स्टड. टर्बो बसवलेल्या पेट्रोल इंजिनात मिश्रण पेटतं तेव्हा आतला दाब १०० बारच्या आसपास जातो, कधी त्याच्याही वर. हिशेब केला तर हेडला वर उचलू पाहणारा जोर निघतो ५८ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ सहा टन. इंजिन ६००० आरपीएमवर फिरत असेल तर एकाच सिलिंडरमध्ये हा दणका सेकंदाला ५० वेळा बसतो. आणि हेडला जागेवर धरून ठेवायला असतात बोटाहून बारीक असे मोजके स्टड.

इंजिनची ताकद वाढवायची म्हटलं की पहिला खर्च टर्बोवर, इंजेक्टरवर, पिस्टनवर होतो. स्टडची पाळी येईपर्यंत खिसा हलका झालेला असतो. अशा वेळी नामांकित सेटच्या शेजारी अगदी तसाच दिसणारा, बराच स्वस्त सेट समोर येतो. तोच काळा रंग, तेच नट, पाकिटावर ‘क्रोमोली’ हा शब्द. घ्यावा का?

उत्तराआधी स्टड नेमकं काय काम करतो ते पाहू, कारण बराचसा घोळ इथेच होतो.

नट आवळला की स्टड ताणला जातो. १५० मिलिमीटर लांबीचा पोलादी स्टड नीट आवळल्यावर साधारण अर्धा मिलिमीटर लांब झालेला असतो. पोलाद मूळ लांबीवर परत यायला बघतं, आणि त्या ओढीनेच हेड ब्लॉकवर दाबलं जातं. ही ओढ गॅसच्या दणक्यापेक्षा भरपूर जास्त असेल तर हेड जागचं हलत नाही, आणि स्टडलाही तो दणका फारसा जाणवत नाही. त्याचा ताण जरासा वर-खाली होतो, इतकंच. ओढ कमी पडली की सगळं बिघडतं. हेड केसभर उचललं जातं, हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटवरून गॅस पाण्याच्या वाटेत शिरतो, आणि प्रत्येक दणक्याचा मोठा भार थेट स्टडवर येऊ लागतो. थकव्याने स्टड तुटतो तो बहुतेकदा असा, ढिला राहिल्यामुळे.

बोल्ट सोडून स्टड वापरायचं कारणही या ताणातच आहे. बोल्ट आवळताना तो एकीकडे ताणला जातो आणि दुसरीकडे पिळला जातो, शिवाय ब्लॉकमधल्या आट्यांवर घासत फिरतो. स्टड मात्र आधी हातानेच ब्लॉकमध्ये बसवलेला असतो. वरचा नट बारीक आट्यांवर फिरतो, त्यामुळे स्टडला पीळ कमी बसतो आणि ताण जास्त अचूक मिळतो. ब्लॉकचे आटेही वाचतात.

[दृश्य: दोन स्टड शेजारी शेजारी, भिंगाखाली.]

आता स्वस्त सेटकडे वळू. ‘क्रोमोली’ म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद, पण या शब्दाने फारसं काही कळत नाही. ४१४० हे पोलाद क्रोमोली आहे. ८७४० मध्ये क्रोमियम आणि मॉलिब्डेनमच्या जोडीला निकेलही असतं. दोन्हींचे चांगले स्टड बनू शकतात. खरा फरक पडतो भट्टीत. पोलाद किती तापवलं, तेलात कसं विझवलं, पुन्हा किती तापमानाला आणि किती वेळ ठेवलं, यावर त्याची ताकद ठरते. स्टड-बोल्ट बनवणारी एआरपीसारखी कंपनी ८७४० च्या स्टडची ताकद २,००,००० पीएसआयपर्यंत सांगते, म्हणजे १३८० मेगापास्कलच्या आसपास. तेच पोलाद घाईत हाताळलं तर भट्टीत पृष्ठभागावरचा कार्बन जळून जातो. आतून कठीण, वरून मऊ. आणि आटे तर पृष्ठभागावरच असतात.

आटे काढायचेही दोन मार्ग आहेत. कापून काढले तर पोलादाची वीण तुटते आणि आट्याच्या तळाशी बारीक ओरखडे राहतात. भेग तिथूनच सुरू होते. लाटून काढले तर धातू दाबला जातो, आणि हीट ट्रीटमेंटनंतर लाटले असतील तर तळाशी राहिलेला दाब भेगेला वाट देत नाही. हे काम महाग आहे, कारण कठीण झालेलं पोलाद लाटताना रोलर लवकर झिजतात. किंमत उतरवायची असेल तर पहिली काटछाट इथे होते, आणि साध्या डोळ्यांना ती दिसत नाही.

सगळ्यात जास्त भीती मला चकचकीत स्टडची वाटते. जस्ताचा विद्युत मुलामा देताना, त्याआधी आम्लात धुताना, हायड्रोजन पोलादात शिरतो. रॉकवेल सी या कठीणपणाच्या मापावर सुमारे ३९ पेक्षा कठीण असलेल्या पोलादात तो घातक ठरतो. मुलाम्यानंतर लगेच १९० ते २२० अंश सेल्सिअसला काही तास भाजलं तर तो बाहेर निघतो. हा टप्पा गाळला तर स्टड आवळताना काहीच होत नाही. टॉर्क, म्हणजे नट फिरवण्याचा जोर, बरोबर लागतो, सगळं घट्ट वाटतं. मग काही तासांनी किंवा काही दिवसांनी, गाडी नुसती उभी असताना, एखादा स्टड तुटतो. तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं तर आधी ताणून बारीक झाल्याची खूण नसते. पृष्ठभाग साखरेच्या खड्यासारखा दाणेदार दिसतो. महागडे स्टड यातून पूर्ण सुटलेले आहेत असंही नाही. एल१९ हे अतिशय ताकदवान पोलाद ओलावा सहन करत नाही, ते कायम तेलात माखलेलं ठेवावं लागतं.

पाकिटावरच्या खुणेवर विश्वास टाकावा, तर तिचाही इतिहास फार बरा नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत हलक्या बोरॉन पोलादाचे बोल्ट वरच्या ग्रेडची खूण ठोकून विकले गेले. प्रकरण संसदेपर्यंत गेलं आणि १९९० मध्ये फास्टनरच्या दर्जासाठी वेगळा कायदा करावा लागला.

[दृश्य: टॉर्क पाना, नट, वॉशर. हात वॉशरला ग्रीस लावतो.]

स्टड उत्तम असला तरी पाना स्टडचा ताण मोजत नाही. तो मोजतो फिरवायला लागलेला जोर. त्यातला सुमारे निम्मा जोर नटाखालच्या घर्षणात जातो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि स्टड ताणायला उरतात जेमतेम १० टक्के.

एम१० चा (१० मिलिमीटर जाड), १.२५ पिचचा (दोन आट्यांत १.२५ मिलिमीटर अंतर) स्टड घ्या आणि ८० न्यूटन-मीटर लावा. आटे कोरडे, वॉशर खडबडीत असेल तर ताण येईल ४० किलोन्यूटनच्या आसपास. तोच स्टड, तोच पाना, तोच आकडा. फक्त मॉलीचं, म्हणजे मॉलिब्डेनमयुक्त, ग्रीस लावलं तर ताण ६१ किलोन्यूटनपर्यंत जाऊ शकतो. १०.९ वर्गाच्या (हा ताकदीचा प्रमाणित वर्ग, १२.९ त्याहून वरचा) अशा स्टडची लवचीक मर्यादा ५७ किलोन्यूटनच्या जवळ आहे. म्हणजे स्टड ताणून कायमचा लांब झाला, आणि पाना ‘बरोबर’ म्हणून टक्‌ वाजला.

म्हणून नट आणि वॉशर स्टडइतकेच महत्त्वाचे. चांगल्या सेटमधले वॉशर कठीण केलेले आणि घासून समतल केलेले असतात. मऊ वॉशरमध्ये नट रुतत जातो, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या ताणातला दहावा हिस्सा गमवायला ०.०५ मिलिमीटर रुतणं पुरेसं आहे.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो. स्वस्त सेटमधला प्रत्येक स्टड कमजोर असतो असं नाही. कित्येक स्टड मोजल्यावर चांगले निघतात. अडचण आहे ती दहा स्टड दहा प्रकारचे निघण्याची. नऊ जणांनी ६० किलोन्यूटन धरलं आणि दहाव्याने ४०, तर गॅस्केट त्या दहाव्याजवळ उडणार. शिवाय स्टडच्या ताणाने सिलिंडरची गोलाईसुद्धा किंचित बदलते. त्यासाठीच होनिंग करताना, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत घासून गोल करताना, हेडच्या जागी जाड टॉर्क प्लेट त्याच जातीच्या स्टडांनी आवळतात. ताण असमान असेल तर ती मेहनत वाया जाते.

बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, माफक असेल तर गाडीच्या कंपनीचे नवे बोल्ट अनोळखी स्टडपेक्षा केव्हाही बरे. ते मर्यादेपर्यंत ताणायचे, एकदाच वापरायचे असले तरी त्यांच्यामागे मोजमाप आहे. आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप धडाक्याने पेटणं, होत असेल तर कुठलाच स्टड इंजिन वाचवणार नाही. आधी ट्यूनिंग दुरुस्त करायला हवं.

[दृश्य: मायक्रोमीटर, जाड पोलादी नळीत बसवलेला स्टड.]

तरीही स्वस्त सेटच वापरायचा असेल तर तो तपासूनच वापरा. एका स्टडचं टोक घासून समतल करा आणि रॉकवेल यंत्रावर धरा. १०.९ साठी ३२ ते ३९, १२.९ साठी ३९ ते ४४ यायला हवं. जास्त आलं म्हणजे जास्त चांगलं असं नव्हे. तो ठिसूळपणाचा इशारा आहे. मग प्रत्येक स्टडची लांबी मोजा, जाड पोलादी नळीत दोन्ही बाजूंनी नट लावून ठरलेला टॉर्क द्या, सोडा, पुन्हा मोजा. मोजण्याआधी स्टड हातात धरून ठेवू नका. दहा अंशांनी तापला तरी १५० मिलिमीटरचा स्टड ०.०१८ मिलिमीटर वाढतो, आणि आपण शोधतोय ०.०२५ ची कायमची वाढ. तेवढी दिसली तर तो स्टड बाद.

बसवताना ब्लॉकमधली भोकं कोरडी हवीत. तळाशी तेल किंवा पाणी राहिलं तर स्टड ते दाबतो आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. स्टड हातानेच बसवा, नट तीन टप्प्यांत, मधून बाहेरच्या दिशेने आवळा.

लांबीची नोंद स्टडच्या क्रमांकानुसार जपून ठेवा. पुढे कधी हेड उघडलं की पुन्हा मोजा. ०.०२५ हून जास्त वाढलेला स्टड परत बसवू नका, आणि त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांना बारीक भेगा दाखवणाऱ्या चुंबकीय कणांच्या तपासणीला पाठवा.